फिल्टर कधी धुवावा

घरी मासे पाळणाऱ्यांच्या बोलण्यात एक प्रश्न हटकून येतो : फिल्टर किती दिवसांनी धुवायचा? विचारणाऱ्याला बहुधा ठाम आकडा हवा असतो. आठवडा, पंधरवडा, महिना, असा काहीतरी, जो भिंतीवरच्या कालनिर्णयावर दुधाच्या खाड्यांशेजारी लिहून ठेवला की पुन्हा विचार करायला नको. सोलापुरात बरीच वर्षे मासे सांभाळल्यावर माझे मत असे झाले आहे की असा आकडा सांगणे सोपे आहे, पण तो डोळे झाकून पाळणे माशांच्या जिवावर बेतू शकते. फिल्टर धुण्याची वेळ त्यातून वाहणारा प्रवाह ठरवतो, टाकीत किती मासे आहेत आणि ते किती खातात हे ठरवते, आणि आपल्या गावात तर ऊन, नळाला पाणी येण्याचा दिवस आणि विजेचे जाणे-येणे यांचाही त्यात वाटा असतो. शिवाय किती वेळा धुतला यापेक्षा कसा धुतला याला अधिक महत्त्व आहे, आणि घरोघरी गडबड होते ती नेमकी इथेच.

फिल्टर म्हणजे पाणी गाळणारी जाळी अशी सर्वसाधारण समजूत आहे आणि ती अर्धी खरी आहे. स्पंज किंवा पांढरी लोकर विष्ठा, खाण्याचे कण, पानांचे तुकडे अडवते आणि पाणी नितळ दिसते. पण माशाला ज्याचा खरा धोका असतो तो अमोनिया पाण्यात विरघळलेला असतो, त्याला रंग नसतो आणि तो कोणत्याही जाळीत अडकत नाही. मासा तो मुख्यतः कल्ल्यांमधून सतत बाहेर टाकत असतो. उरलेले खाणे कुजूनही तोच तयार होतो. नदीत किंवा तलावात तो अफाट पाण्यात विरून जातो. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशा टाकीत मात्र जेमतेम 56 लिटर पाणी मावते, आणि खडी, दगड, झाडे घातल्यावर त्याहूनही कमी. तिथे तो साठत जातो, आणि त्याचा बंदोबस्त फिल्टरमध्ये वस्तीला आलेले जिवाणू करतात. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, काही त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये असा बदल घडवते की त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही, आणि मासा चांगल्या हवेशीर पाण्यातही गुदमरतो. नायट्रेट त्या मानाने बरेच सौम्य असते आणि दर आठवड्याला थोडे पाणी बदलून ते आटोक्यात ठेवता येते.

हे काम सजीवांचे आहे हे कळायला शास्त्रज्ञांनाही वेळ लागला. 1877 साली फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ या दोघांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या एका लांब नळीतून सांडपाणी हळूहळू झिरपू दिले. पहिले सुमारे वीस दिवस अमोनिया जसाच्या तसा बाहेर येत राहिला आणि मग त्याचे नायट्रेट होऊ लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ती क्रिया थांबली, आणि पुढे मातीचे थोडे पाणी घातल्यावर पुन्हा सुरू झाली. एखाद्या निर्जीव रसायनाचे काम असते तर ते क्लोरोफॉर्मने असे थांबले नसते. नंतर 1890 च्या सुमारास सर्गेई विनोग्राद्स्की यांनी हे जिवाणू वेगळे काढून दाखवले. नायट्राइट संपवण्याचे काम नायट्रोबॅक्टर करतो असे त्यानंतर बराच काळ मानले जात होते. 1998 साली टिमोथी होव्हानेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की गोड्या पाण्याच्या ॲक्वेरियममध्ये ते काम नायट्रोस्पायरा जातीचे जिवाणू करतात. 2015 साली तर दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारा नायट्रोस्पायरा सापडला, आणि तो ज्या नमुन्यांत मिळाला त्यांतला एक मत्स्यपालनाच्या फिल्टरमधून घेतलेला होता. मला या इतिहासात फार रस वाटतो, कारण वाळूच्या त्या नळीने जी वीस दिवसांची वाट पाहायला लावली, ती आजही प्रत्येक नव्या टाकीला चुकलेली नाही.

हे जिवाणू फार सावकाश वाढतात. सगळे काही अनुकूल असले तरी त्यांची संख्या दुप्पट व्हायला साधारण एक दिवस लागतो, आणि ते पाण्यात मोकळे फिरत नाहीत. स्पंजच्या छिद्रांत, सिरॅमिकच्या नळकांड्यांवर, खडीवर बुळबुळीत थर धरून राहतात. स्पंजवर हात फिरवल्यावर जे तपकिरी, गुळगुळीत लागते त्यातच ही वस्ती असते. विरजणाचे भांडे खरवडून धुतले तर उद्याचे दही कशाने लागणार, हे आपल्या घरांत कोणाला समजावून सांगावे लागत नाही. फिल्टरच्या स्पंजचेही तसेच आहे, फक्त दही एका रात्रीत लागते आणि फिल्टरला चार ते सहा आठवडे लागतात. त्या चार-सहा आठवड्यांत अमोनिया खाणारे कोणी नसते आणि मासे मात्र तेवढेच असतात.

आमच्या शेजारच्या घरात एका दिवाळीत हे डोळ्यांसमोर घडले. घराची साफसफाई चालली होती, डबे, पडदे, पंख्यांची पाती सगळे धुवून झाले होते, आणि त्याच ओघात दोन गोल्डफिशच्या टाकीतला फिल्टरही निघाला. स्पंज धुण्याच्या पावडरीत भिजवला गेला, नळाखाली खळाळून घेतला गेला आणि गच्चीवर उन्हात वाळत घातला गेला. तो परत बसवला तेव्हा नवा कोरा दिसत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या घरातली शाळकरी मुलगी धावत आली. "काकू, मासे वरती येऊन तोंड उघडत आहेत, आणि पाणी दुधासारखं झालंय." टाकीतले थोडे पाणी नळीत घेऊन त्यात अमोनियाच्या तपासणीचे थेंब टाकले, तर पिवळे राहायला हवे होते ते पाणी पाहता पाहता गडद हिरवे झाले. धुण्याच्या पावडरीचा अंश राहिला असेल म्हणून तो स्पंज आधी बाजूला काढला. मग माझ्या टाकीतल्या जुन्या स्पंजचा अर्धा तुकडा कापून त्यांच्या फिल्टरमध्ये बसवला, त्यांना आठवडाभर रोज एक तृतीयांश पाणी बदलायला सांगितले आणि खाणे जवळजवळ बंद करायला लावले. दोन्ही मासे वाचले. औषधाची बाटली आणण्यापेक्षा निरोगी टाकीतला वापरता स्पंज कितीतरी अधिक कामाचा असतो. अट एवढीच, की ज्या टाकीतून तो घ्यायचा तिथे अलीकडे कोणताही आजार झालेला नसावा.

मग फिल्टर मुळीच धुवू नये का? तसेही नाही, आणि हे टोक गाठणारेही मी पुष्कळ पाहिले आहेत. जिवाणूंना एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचे पूर्ण नायट्रेट करायला सुमारे साडेचार मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. तो त्यांना वाहत्या पाण्यातून मिळतो. स्पंजची छिद्रे गाळाने बुजली की पाणी आतपर्यंत पोहोचत नाही, आतल्या भागातले जिवाणू गुदमरतात आणि बाहेरच्या पातळ थरावरच सगळा भार येतो. दुसरी गोष्ट अशी की फिल्टरमध्ये अडकलेली घाण टाकीतून गेलेली नसते. ती फक्त नजरेआड झालेली असते. पाणी तिच्यावरूनच वाहत असते, ती तिथेच कुजते आणि अमोनियात भर घालत राहते. म्हणजे फिल्टर इतपत धुवायला हवा की प्रवाह मोकळा व्हावा, आणि इतका धुवायला नको की वस्ती उठावी. मी माझ्या टाक्यांसाठी एवढेच मोजमाप वापरते.

प्रवाह कमी झाला हे ओळखण्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही, फक्त फिल्टर स्वच्छ असताना पाणी कसे पडते हे एकदा नीट बघून ठेवावे लागते. टाकीच्या आत बसणाऱ्या मोटरच्या फिल्टरचे तोंड पृष्ठभागाजवळ असेल तर पाण्यावर एक ठरावीक लहर उठते आणि ती समोरच्या काचेपर्यंत जाते. ती मध्येच विरू लागली की समजावे. टाकीच्या काठाला टांगायच्या फिल्टरमध्ये स्पंज बुजला की पाणी त्याला वळसा घालून वरच्या वरून निघून जाते, आणि प्रवाह जोरात दिसत असूनही गाळणे थांबलेले असते. तिथे झाकण उघडून आतली पातळी पाहावी लागते. हवेच्या पंपावर चालणाऱ्या स्पंज फिल्टरमध्ये बुडबुडे येतच राहतात, त्यामुळे तो सर्वांत फसवा. त्याला पाण्यातच हलकेच बोट लावावे. गाळाचा लोट उठला तर वेळ झालेली आहे.

तरीही आकडा हवाच असेल तर मी अंदाज सांगते, आणि तो अंदाज म्हणूनच घ्यावा. दोन फुटी टाकीत आठ-दहा गप्पी किंवा मॉली असतील आणि खाणे बेताचे असेल, तर स्पंज फिल्टर तीन-चार आठवड्यांनी पिळला तरी पुरते. त्याच टाकीत दोन गोल्डफिश असतील तर पंधरा दिवसांतच प्रवाह मंदावतो, कारण गोल्डफिश खातो भरपूर आणि घाणही तेवढीच करतो. काठाला टांगायचा फिल्टर महिन्याने उघडावा. मोठ्या टाकीखाली ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर, म्हणजे कॅनिस्टर, दोन-तीन महिने निवांत चालतो, आणि त्यातल्या सिरॅमिकच्या नळकांड्यांना तर त्याहूनही कमी वेळा हात लावावा. टाकी नवीन असेल तर पहिला दीड महिना, प्रवाह अगदीच थांबल्याशिवाय, फिल्टर उघडूच नये.

धुण्याची रीत साधी आहे. आठवड्याचे पाणी बदलायचे असते त्याच दिवशी, टाकीतून काढलेले पाणी बादलीत घ्यावे आणि स्पंज त्या पाण्यात बुडवून पिळावा. पहिल्या पिळण्याला पाणी चहासारखे गडद होते, त्यात बारीक तपकिरी कण फिरताना दिसतात, आणि चांगल्या चाललेल्या फिल्टरचा वास ओल्या मातीसारखा येतो. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर आतपर्यंत प्राणवायू पोहोचत नव्हता असे समजावे आणि पुढच्या वेळी लवकर उघडावे. तीन-चार वेळा पिळून झाल्यावर स्पंज अजून तपकिरीच असतो. तो तसाच असावा. पाणी त्यातून सहज जाऊ लागले की काम झाले. मग मोटरचे झाकण काढून तिचा छोटा चुंबकी पंखा बाहेर ओढावा. त्याच्या दांड्यावर आणि तो ज्या खोबणीत फिरतो तिच्या आत शेवाळ आणि चिकट थर साचतो, कधी गप्पीचे एखादे पिल्लू किंवा गोगलगायीचा शंख अडकलेला असतो. स्पंज ठीक असूनही प्रवाह मंद असेल तर दोष बहुधा इथेच सापडतो. जुन्या दात घासायच्या ब्रशने तो भाग घासला तर चालते, तिथे जिवाणूंची फारशी वस्ती नसते. फिल्टरमध्ये दोन स्पंज असतील तर एका वेळी एकच पिळावा, दुसरा पुढच्या खेपेला. आणि हे सगळे करण्याआधी विजेची पिन काढलेली असावी, हे घरातल्या मुलांना प्रत्येक वेळी सांगावे.

नळाचे पाणी का नको, याचे उत्तर क्लोरीन. पिण्याच्या पाण्यात जिवाणू मरावेत म्हणूनच तो घातलेला असतो, आणि फिल्टरमधल्या जिवाणूंना तो वेगळे ओळखत नाही. सोलापूरला उजनी धरणातून, भीमेवरून, पाणी येते. ते रोज येत नाही, काही दिवसांआड येते, आणि त्यामुळे घरोघरी पिंपे, टाक्या, हंडे भरून ठेवलेले असतात. या साठवणुकीचा आपल्याला एरवी त्रासच होतो, पण माशांच्या बाबतीत तिचा एक उपयोग आहे : उघड्या पिंपात दोन दिवस राहिलेल्या पाण्यातला क्लोरीन बहुतेक उडून गेलेला असतो. म्हणून ज्या दिवशी नळाला पाणी आले त्याच दिवशी ते टाकीत ओतू नये, आधीच्या पाळीचे वापरावे. घाईच असेल तर क्लोरीन काढणाऱ्या सोडियम थायोसल्फेटचे थेंब दुकानात मिळतात. पाणी येण्याच्या दिवशी घरात सगळीकडे धुण्याची लगबग असते आणि फिल्टरही त्याच लाटेत नळाखाली जातो, म्हणून मी आमच्या घरी हे काम मुद्दाम दोन पाळ्यांच्या मधल्या दिवशी ठेवले आहे.

ज्यांच्याकडे बोअरचे पाणी आहे त्यांची गोष्ट थोडी निराळी. आपल्या काळ्या खडकातले बोअरचे पाणी बहुधा जड आणि अल्कधर्मी असते. बादलीच्या कडेला त्याचा पांढरा थर सहज दिसतो. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो, त्यांतले एक माशाला फारसे बाधत नाही आणि दुसरे घातक असते. पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा) 7 आणि तापमान 25 अंश असताना घातक भाग अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. पीएच 8 झाला की तो पाच टक्क्यांच्या वर जातो, आणि त्याच पीएचला पाणी 30 अंशांवर गेले की साडेसात टक्क्यांपर्यंत पोहोचतो. म्हणजे फिल्टर बिघडवण्याची जी किंमत मऊ, थंड पाण्याच्या गावात मोजावी लागेल, तिच्या दहापट, पंधरापट किंमत आपल्या मासळीला मोजावी लागते. याच पाण्याची चांगली बाजूही सांगायला हवी : जिवाणूंच्या कामात पाण्याचा क्षार खर्च होतो, आणि जड पाण्यात तो भरपूर असल्यामुळे पीएच एकाएकी घसरत नाही. किंचित अल्कधर्मी पाणी या जिवाणूंना मानवतेही.

उन्हाळा हा सोलापूरच्या माशांचा कसोटीचा काळ. एप्रिल-मेमध्ये बाहेर पारा चाळिशी ओलांडतो, आणि कूलर नसलेल्या खोलीतल्या टाकीचे पाणी 32-33 अंशांपर्यंत तापते. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, 30 अंशांच्या पाण्यात तो साडेसात मिलिग्रॅमच्या आसपासच मावतो. त्याच वेळी माशांची आणि जिवाणूंची प्राणवायूची गरज मात्र वाढलेली असते, आणि गाळ कुजण्याचा वेगही. म्हणून मार्च उजाडला की मी फिल्टर उघडण्याचे अंतर कमी करते. महिन्याचे तीन आठवडे, तीनाचे दोन. पिळणे मात्र नेहमीपेक्षा हलके ठेवते. उलट जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, रात्री चांगलीच थंडी असते आणि मासे कमी खातात तेव्हा, फिल्टरला पाच आठवडे हात लावला नाही तरी प्रवाहात फरक पडलेला दिसत नाही.

उन्हाळ्यात वीज गेली की आणखी एक गोष्ट घडते, जी फार थोड्यांच्या लक्षात येते. मोटर थांबली की फिल्टरच्या बंद डब्यातले पाणी तिथेच उभे राहते, आणि आतले जिवाणू त्यातला प्राणवायू संपवून टाकतात. तासा-दीड तासाने काही बिघडत नाही. पण वीज चार-सहा तास किंवा रात्रभर गेली, तर कॅनिस्टरसारख्या बंद फिल्टरमधले साचलेले, कुजट पाणी वीज आल्या क्षणी थेट टाकीत ढकलले जाते. अशा वेळी वीज येण्याआधीच मोटरची पिन काढून ठेवावी, डबा उघडून आतले पाणी ओतून द्यावे, स्पंज टाकीच्या पाण्यात विसळावा आणि मगच फिल्टर सुरू करावा. मागचे धुणे आठवड्यापूर्वीचे असो की कालचे, हे धुणे टाळू नये. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर नाही त्यांनी बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप आणि एक साधा स्पंज फिल्टर टाकीत कायम ठेवावा असे मी आग्रहाने सांगते.

शहराच्या पूर्व भागातल्या एका परिचितांचे घर यंत्रमागाच्या शेडला लागून आहे. त्यांच्या टाकीतला स्पंज आमच्यापेक्षा निम्म्या दिवसांत बुजतो, आणि मासे मोजकेच असल्यामुळे प्रथम आम्हाला त्याचे कारण उमगेना. स्पंज पिळल्यावर बादलीत नेहमीच्या तपकिरी गाळाबरोबर राखाडी, गुंतलेली लव तरंगू लागली : हवेतले सुताचे बारीक तंतू पाण्यावर बसत होते आणि तिथून फिल्टरमध्ये ओढले जात होते. त्यांनी टाकीवर नीट बसणारे काचेचे झाकण करून घेतले आणि मोटरच्या तोंडाशी जाड छिद्रांचा एक वेगळा स्पंज बसवला, जो ते दर आठवड्याला विसळतात. आतला मुख्य स्पंज आता महिनाभर टिकतो. त्यांच्या घराला कोणी आधी ठरवलेला आकडा सांगितला असता तर तो चुकलाच असता.

राहिला प्रश्न बदलण्याचा. काही फिल्टरबरोबर लोकर आणि कोळसा भरलेली पाकिटे येतात आणि ती दर महिन्याला बदलावीत असे खोक्यावर लिहिलेले असते. त्यातल्या कोळशापुरते ते खरे आहे. त्याची शोषून घेण्याची ताकद तीन-चार आठवड्यांत संपते, आणि टाकीत औषध घालायचे असेल तर तो आधी काढावाही लागतो, नाहीतर औषध तोच पिऊन टाकतो. पण पाकिटाबरोबर त्यावरची जिवाणूंची वस्तीही कचऱ्यात जाते, म्हणून अशा फिल्टरमध्ये पाकिटाशेजारी एक स्पंजचा तुकडा कायम ठेवावा. चांगला स्पंज काही वर्षे चालतो. तो पिळल्यावर पुन्हा फुगत नसेल, कडा तुटत असतील, तर नवा आणावा. मात्र जुना लगेच काढू नये. दोन्ही एकाच फिल्टरमध्ये, जागा नसेल तर नवा टाकीत फिल्टरच्या तोंडाजवळ, महिना-दीड महिना सोबत राहू द्यावेत. नव्याचा पिवळा किंवा काळा रंग मातकट होऊन बोटाला बुळबुळीत लागू लागला की जुना काढून घ्यावा, आणि त्यानंतरचा आठवडाभर खाणे निम्म्यावर ठेवून दर एक-दोन दिवसांनी अमोनिया तपासावा.